मधली गादी

३ मार्च

मामा,

नमस्कार. पोचलो. पोचून अकरा दिवस झाले, पण आधी मी इथं टिकतोय का पळतोय ते बघत होतो. तुम्ही म्हणाल, भिंगरी, तुझं काय बघायचं, तू पळणारच. तरी अकरा दिवस झाले बघा. बेकरीत नऊच झाले होते.

घर मोठं आहे. माणसं मात्र दोनच. आपले जजसाहेब, आणि स्वयंपाकाच्या मावशी. जजसाहेब रिटायर झाले आहेत, पण हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दूध नासलं तरी सुनावणी होते. खोलीच्या मधोमध तुम्ही दोन वर्षांपूर्वी बनवून दिलेला सोफा आहे, तीन सुट्या गाद्यांचा. आणि त्याच्या मधल्या गादीवर आपल्या काळी कुत्रीचं पिल्लू आहे. साहेबांची आपल्या गावातून बदली झाली तेव्हा सोफ्याबरोबर त्याच टेम्पोत गेलेलं. ते आता वासराएवढं झालंय. नाव ठेवलंय तहकूब. कारण काहीही सांगा, तो शांतपणे ऐकून घेतो आणि पुढं ढकलतो.

आता मुद्द्याचं. मामा, तुम्ही साहेबांना लिहून कळवलंत की माझा भाचा कुत्र्यांना वळण लावतो. मला कुत्र्यांबद्दल दोनच गोष्टी माहीत आहेत आणि दोन्हींच्या खुणा माझ्या पोटरीवर आहेत.

माझं काम एकच. तहकूबला सोफ्यावर चढू द्यायचं नाही. मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच एक दणका का देत नाही?" ते म्हणाले, "गुन्हा फक्त मी पाहिलाय. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असून चालत नाही. म्हणून तुला आणलंय. तू तक्रारदार." मग आरोपीला वकील हवा, म्हणून मावशींनी पदर खोचला.

दहा जूनला शेवटची सुनावणी आहे. तोवर तहकूब उतरला नाही तर मी उतरलो, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. आणि निघताना मामी काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंय. "आठव्यांदा परत आलास तर जेवायला वाढीन, पण बोलणार नाही." मामा, मी सगळं सहन करीन, पण मामी न बोलता वाढते तेव्हा घास उतरत नाही. काहीतरी उपाय कळवा.

तुमचा भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अकरा दिवस म्हणजे आनंद आहे. तुझ्या मामीला वाचून दाखवलं, ती "बघू" म्हणाली.

माझ्या हाताखालून चारशेच्या वर सोफे गेले. कुत्र्याचं मला कळत नाही, पण बसणाऱ्याचं कळतं. माणूस असो की जनावर, आसन कलतं असेल तर कुणी बसत नाही. तू असं कर. सोफ्याच्या मागच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेव. सोफा पुढं झुकेल. तहकूब चढला की घसरेल. दहादा घसरला की नाद सोडेल.

फक्त गाद्यांना हात लावू नकोस. शिवण कशी आहे, आत काय आहे, असल्या भानगडीत पडायचं नाही. कारागिराचं काम दुसऱ्यानं उसवणं म्हणजे त्याची पगडी उतरवणं. एवढं लक्षात ठेव.

विटा किती अंतरावर ठेवायच्या ते मोजून सांगितलं असतं, पण माझी पितळी टोकांची टेप तू हरवलीस तेव्हापासून मी वितीनंच मोजतो.

मामा

२८ मार्च

मामा,

टेप मी हरवली नाही. दोन वर्षं सांगतोय. त्या वेळी कानाखाली बसली ती बसली, आता पत्रातून तरी मारू नका.

विटा ठेवल्या. तहकूब चढला, घसरला, उठला, पुढचे दोन पाय गादीच्या शिवणीत रुतवले आणि झोपला. मग साहेबांचे मित्र आले, डोळ्यांचे डॉक्टर. त्यांना पाय रुतवता येत नाहीत. ते चहाच्या कपासकट सोफ्यावरून निघाले आणि टीपॉयखाली थांबले. साहेबांनी विटा जप्त केल्या आहेत.

दुसरी अडचण अशी की आरोपी सापडतच नाही. पायांचा आवाज आला की तो उतरतो आणि पायपुसण्यावर असा बसतो जणू त्याचा जन्मच तिथं झालाय. मागे राहते ती फक्त गरम गादी. परवा मी सुनावणीत सांगितलं, गादी गरम होती, मी स्वतः तळहात लावून बघितली.

मावशी म्हणाल्या, "खिडकी समोर आहे. उन्हानं तापली असेल."

मी म्हटलं, "मग उन्हाला फक्त मधलीच गादी सापडली का?"

"ऊन आहे ते. त्याची मर्जी."

मी म्हटलं, "आणि हे काळे केस?"

"साहेबांचे नसतील कशावरून?"

मामा, साहेबांच्या डोक्यावर एकही केस नाही. मग साहेबांनी हळूच डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुरावा अपुरा. पुढची तारीख."

दुसरा उपाय सांगा. काळी कशी आहे? तिला सांगा, पोरगं वकिलासकट राहतंय.

भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरीस,

डॉक्टरांना लागलं नाही ना? माझा सोफा माणसाला टाकतो असं गावभर व्हायला नको.

आता डोक्यानं काम घे. घरातला मोठा जे करतो ते कुत्रं करतं. साहेब सोफ्यावर बसतात, म्हणून तहकूब बसतो. तर महिनाभर घरातल्या कुणीही सोफ्यावर बसायचं नाही. सगळ्यांनी खाली. पाहुणा आला, खाली. तहकूबला वाटलं पाहिजे की सोफा ही बसायची वस्तूच नव्हे.

काळी बरी आहे. म्हातारी झाली. जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

साहेबांना विचार, गाद्यांना वरून जाड अभ्रे शिवून पाठवू का? म्हणजे आतलं सगळं झाकलेलं राहील.

मामा

२७ एप्रिल

मामा,

आम्ही सगळे खाली बसतो. दोन आठवडे झाले.

साहेब पहिल्या दिवशी बसले, पण उठता येईना. मी एका बाजूनं, मावशी दुसऱ्या बाजूनं. तेव्हापासून ते सकाळी एकदा बसतात ते दुपारी जेवायलाच उठतात. पेपर जमिनीवर पसरून त्यावर ओणवे होऊन वाचतात. मी मावशींशेजारी भिंतीला टेकून बसतो. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, रिकाम्या सोफ्याच्या मधोमध, तहकूब. आता तो उतरतसुद्धा नाही. कशाला उतरेल? सगळे खाली आणि तो एकटा वर, त्याला वाटलं असेल आपल्याला बढती मिळाली.

काल रिटायर पोस्टमास्तर भेटायला आले. दारातून आत बघितलं. आम्ही तिघं खाली रांगेत, वर कुत्रा. ते म्हणाले, "मी नंतर येतो. तुमचं काम चाललेलं दिसतंय."

साहेब मला म्हणाले, "तक्रारदार, आता तर आरोपी उघड उघड बसतोय. पण फिर्याद अशी आहे की तो आमच्या जागेवर बसतो. आम्ही तर कुणी बसत नाही. मग जागा कुणाची?" आणि विचारात पडले. मामा, तुमच्या उपायानं माझी केस खड्ड्यात गेली.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, आणि मला ती सुचली याचं मलाच नवल वाटतंय. तहकूब कायम मधल्याच गादीवर बसतो. मी मधली गादी उचलून डाव्या टोकाला ठेवली. तो डावीकडं गेला. उजवीकडं ठेवली, उजवीकडं. मग मी ती खुर्चीवर ठेवली. खुर्ची लहान, कुत्रा मोठा, मागचं अर्धं अंग हवेत, तरी बसला. आणि बसताना आधी नाक खुपसून वास घेतो, तीन फेऱ्या मारतो, मग डोळे मिटतो.

मामा, मधल्या गादीत काय आहे?

भिंगरी

८ मे

भिंगरी,

मधल्या गादीत जे असतं ते आहे. काथ्या. डाव्या गादीत काथ्या, उजव्या गादीत काथ्या, मधल्या गादीत काथ्या. चाळीस वर्षं हेच करतोय.

तुझं मला कळत नाही असं समजू नकोस. तुला काम सोडायचंय, म्हणून माझ्या गादीत खोट काढतोयस. लिफ्टवाल्याकडून पळालास तेव्हा काय म्हणालास? "दिवसभर वरखाली करतो पण कुठं पोचत नाही." छापखाना सोडलास तेव्हा शाईचा वास येतो म्हणालास. आता गादी. पळायचं तर सरळ पळ, माझ्या कामाला नावं ठेवू नकोस.

गादी जागेवर ठेव.

मामा

ता. क. मी मामी. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडं देऊन बाहेर गेलेत. तू काळीचं विचारलंस म्हणून लिहिते. ती अजून दुकानाच्या कोपऱ्यात उघड्या फरशीवरच झोपते. जुनं पांघरूण घातलं, पोतं घातलं, ती वास घेते आणि बाजूला होते. दोन वर्षं झाली. का ते यांना विचार, माझ्या तोंडून नको.

१९ मे

मामा,

तुम्ही रागावलात. रागवा. माझ्याबद्दल जे लिहिलंत ते सगळं खरं आहे.

पण गादीचं ऐका. मी ती न्हाणीघरात ठेवली. कोरड्या कोपऱ्यात, पाटावर. तहकूब न्हाणीघरात राहायला गेला. दोन दिवस सोफा रिकामा. साहेब त्यावर पाय पसरून बसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आंघोळ कुणालाच करता येईना. मावशी बादली घेऊन गेल्या तर त्यानं अशा नजरेनं बघितलं की त्या "माफ करा" म्हणून परत आल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सुनावणी घेतली. म्हणाले, "खटला मुळात चुकीचा आहे. आरोपी सोफ्यावर बसतच नाही. तो गादीवर बसतो, ती गादी सोफ्यावर होती इतकंच." मावशींनी टाळी वाजवली. मग साहेब म्हणाले, "दहा जूनला मुद्देमाल उघडून पाहू. तक्रारदारानं स्वतःच्या हातानं शिवण उसवायची. तो कारागिराचा भाचा आहे, शिवण खराब करणार नाही."

मामा, ती शिवण मी ओळखतो. दुकानात तुमच्या पायाशी बसून सुया ओवल्यात मी. तुम्ही एक टाका पुढं, अर्धा मागं घालता. ती उसवली तर तुमची पगडी उतरते, असं तुम्हीच म्हणालात. नाही उसवली तर माझी नोकरी जाते आणि मामी अबोला धरते. तिसरा रस्ता म्हणजे पळणं. पिशवी भरून दाराशी ठेवलीय, सवयीनं. पण या वेळी भरताना हात जड झाले. इथं सकाळी मी तहकूबला तळ्यापर्यंत फिरवून आणतो. परत आलो की साहेब पेपरातून डोकं काढून म्हणतात, "आलास?" एवढंच. पण रोज म्हणतात. मला आजपर्यंत सगळ्यांनी "चाललास?" विचारलंय.

काय करू सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.

भिंगरी

२७ मे

चि. भिंगरीस,

उसव.

चाळीस वर्षांत हा शब्द मी कुणाला लिहिला नव्हता. आता ऐक, आणि साहेबांनाही वाचून दाखव.

साहेबांची बदली अचानक आली. सोफा सोमवारी टेम्पोत चढायला हवा होता. दोन गाद्या भरून झाल्या आणि काथ्या संपला. दुकानं बंद. मागच्या खोलीत काळीनं जिथं पिल्लं घातली होती, तिथं तिच्या खाली मीच घातलेला काथ्या आणि गोणपाटं होती. चार पिल्लांपैकी तीन गेली होती लोकांकडं, चौथं साहेबांनी सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, आता तिला काय करायचंय त्याचं? काळी बाहेर गेली असताना उचललं, एक दिवस ऊन दाखवलं, गादीत भरलं आणि शिवून टाकलं. टेम्पोत वर सोफा, खाली पिल्लू.

काळी परत आली. जागा हुंगत बसली. तीन दिवस ओरडली. तुझी मामी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. अजूनही तो विषय निघाला की बोलत नाही.

साहेबांनी चार महिन्यांपूर्वी कळवलं की कुत्रा मधल्या गादीवरून हलत नाही, कुणीतरी जाणकार पाठवा. खरा जाणकार आला असता तर पहिल्या दिवशी गादी उघडली असती. म्हणून मी तुला पाठवलं. वाटलं, याला कुत्र्यातलं कळत नाही, आणि महिनाभरात पळेलही. तोवर प्रकरण थंड होईल. तुझ्या पळण्यावर मी हवाला ठेवला होता. तू राहिलास आणि माझी पंचाईत केलीस.

सावकाश उसव. टाका मागून ओढ, कापड फाटणार नाही.

मामा

११ जून

मामा,

निकाल लागला.

काल सकाळी दहाला कोर्ट बसलं. पोस्टमास्तर आणि डोळ्यांचे डॉक्टर ऐकायला आले होते. डॉक्टर उभेच राहिले, बसायला तयार होईनात. मी तुमचं पत्र वाचलं. काळी तीन दिवस ओरडली तिथं आल्यावर मावशींनी आरोपीच्या वतीनं डोळे पुसले. मग मी शिवण उसवली, टाका मागून ओढून. कापड फाटलं नाही.

काथ्या बाहेर आला. गोणपाट बाहेर आलं. आणि त्या गोणपाटाच्या घडीत, एका टोकाला चघळलेली, तुमची पितळी टोकांची टेप. मामा, मी ती पुरावा म्हणून वर धरली. दोन वर्षं. मी साहेबांना म्हटलं, माझ्या कानाखाली बसलेली ती मागे घ्यायचा हुकूम द्या. ते म्हणाले, तो वेगळा दावा आहे.

तहकूब मात्र त्या ढिगाऱ्यात उतरला, नाक खुपसलं, तीन फेऱ्या मारल्या आणि भर कोर्टात झोपला.

साहेब म्हणाले, "हा कुत्रा सोफ्यावर कधी बसलाच नाही. हा रोज घरी जात होता. जागेवर त्याची वहिवाट आहे." पोस्टमास्तर म्हणाले, "पण साहेब, वहिवाटीला बारा वर्षं लागतात. हा तर दोन वर्षांचा." तेव्हा मावशी उठल्या. "कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. सात दुणे चौदा. दोन वर्षं जास्तच झाली!" साहेबांनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, "मान्य."

निकाल असा. अर्धा काथ्या नव्या पोत्यात भरून खिडकीखाली जमिनीवर ठेवायचा, तो तहकूबचा कायमचा. तो तिथं गेलाही. आता सोफ्याकडं बघतसुद्धा नाही. उरलेला अर्धा, गोणपाटासकट, काळीला परत करायचा, कारण तिचं न विचारता नेलं. पार्सल काल पाठवलंय, टेप त्यातच आहे. तुम्हाला शिक्षा अशी की मधली गादी नव्या काथ्यानं फुकट भरून द्यायची. साहेब म्हणाले, "आणि कारागिराला सांगा, शिवण उत्तम आहे. उसवताना वाईट वाटलं."

मग सगळे चहाला उठले आणि मला एकदम आठवलं की कुत्रा उतरला, म्हणजे काम संपलं, म्हणजे मीही संपलो. पिशवी दाराशीच होती. मी साहेबांना म्हटलं, "मग मी निघू?"

"निघायचंय?"

"नाही."

हा शब्द मी आजवर कुठल्याच मालकाला म्हटला नव्हता. साहेबांनी चष्मा पुसला. "तुझा इथं हक्क काय?"

मी म्हटलं, "व्हरांड्यातल्या बाकावर झोपतो. माझी पण वहिवाट आहे."

"किती दिवसांची?"

"साडेतीन महिने."

"तू कुत्रा आहेस?"

"नाही साहेब."

"मग सूट मिळणार नाही. माणसाला पुरी बारा वर्षं. साडेतीन महिने झालेत. उरलेले पूर्ण कर, मग ये दावा लावायला." आणि चहा प्यायला गेले.

मी तसाच उभा. मावशी जाता जाता म्हणाल्या, "राहा म्हणाले रे, मठ्ठा. पिशवी आत घे, पाय अडकतो येणाऱ्या-जाणाऱ्याचा."

आत घेतली.

भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस,

पार्सल आलं. नवी गादी भरायला घेतली आहे, दुप्पट काथ्या घालून. साहेबांना म्हणावं शिक्षा कबूल.

पोतं मी कोपऱ्यात टाकलं. काळी दुकानाच्या दारात होती. तिथूनच तिनं मान वर केली. या वयात ती धावते हे मला माहीत नव्हतं. हुंगलं, तीन फेऱ्या मारल्या, आणि पडली. संध्याकाळपर्यंत उठली नाही म्हणून घाबरून जवळ गेलो, तर घोरत होती. तुझी मामी माझ्याशी बोलली. म्हणाली, "सरका, उजेड अडतोय तिचा."

टेप मिळाली. दातांच्या खुणांनी पहिले चार इंच वाचता येत नाहीत, पण मी पाचापासून मोजतो. आणि ती कानाखालची मी परत घेतो. लिहून देतोय, साहेबांना दाखव.

मामा

ता. क. मी मामी. बारा वर्षं म्हणजे बारा वर्षं, मधेच आलास तर बघ. सुट्टीला आलास तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा बोलेन. आणि एक सांगायचं राहिलं. परवा काथ्या कमी पडला म्हणून हे मागच्या खोलीत गेले आणि तुझी जुनी गादी उसवायला घेतली. दोन टाके काढले होते. मी हातातून ओढून घेतली. ऊन दाखवून, पुन्हा शिवून, तुझ्या जागेवर ठेवली आहे.